हेमंताचे निर्वासन

त्रेतायुगात, ऋतू जेव्हा सदेह पृथ्वीवर विचरत असत, तेव्हा हिमालयाच्या पायथ्याशी त्विषापुरी नामक समृद्ध नगरी होती. तेथील राजा दीर्घतेजा महापराक्रमी खरा, पण असंतुष्ट. हेमंताच्या हिमाने वर्षातले एक पीक करपते, हे त्याला साहवेना. त्याने अरण्यांमागून अरण्ये यज्ञकुंडात लोटली आणि प्रसन्न झालेल्या अग्नीपाशी वर मागितला, "हे हव्यवाहना, या कुंडात तुझ्या ज्वाला असेतोवर हेमंताने माझ्या राज्यात पाऊल टाकू नये."

"तथास्तु," अग्नी म्हणाला. "परंतु राजन्, मी पेटतो तेव्हा तोलून-मापून पेटत नाही."

शुभ्र वस्त्रांतला हेमंत वेशीवर आला आणि अधोमुख होऊन परतला. कोठारे ओसंडली, जयघोष झाला. राणी अनुनंदा मात्र अस्वस्थ होती. मार्गशीर्ष सरला तरी तळ्यांवरची डासांची दाटी विरळ होईना. भर उन्हात तिची दासी कुडकुडू लागली. पुढे घराघरांतून कण्हणे ऐकू येऊ लागले. एके दुपारी चिमुकली राजकन्या आर्जिका राणीला बिलगली. "आई, मला थंडी वाजतेय गं." राणीने तिच्या कपाळाला हात लावला, तो निखाऱ्यासारखे तापलेले! ती तशीच राजाकडे धावली.

"आर्यपुत्र, कुंड विझवा!"

"देवी, यज्ञाग्नी विझवणाऱ्याचा वंश भस्म होतो. शिवाय शेतांत पीक उभे आहे."

राणीने मुलीला पालखीत घातले आणि शिखरावरच्या तुहिन ऋषींच्या आश्रमाची वाट धरली. त्या हिमाच्छादित शिखरावर ज्वर कधीच पोचला नव्हता. पण वर येऊन पाहते तो देवदार सुकलेले, शिखरे उघडी पडलेली आणि पर्णकुटीत ऋषिकुमार मृगाजिनांखाली कुडकुडत पडलेले.

"भगवन्, येथेही?" तिने तुहिन ऋषींना विचारले.

"वत्से, जेथे हिम पडत नाही तेथे सुखाने राहा, असा ब्रह्मदेवाने ज्वरासुराला वर दिला आहे. हेमंत त्याच्या वाटेवरचा पहारेकरी होता. तुम्ही त्यालाच हाकलून दिलेत. आणि तुमच्या कुंडाची धग राज्याच्या सीमा ओळखत नाही. ते पाहा."

राणीने खाली पाहिले. तीन पायांचा, भस्माने माखलेला, रक्तनेत्र ज्वरासुर कडा चढत होता. त्याला मुळीच घाई नव्हती. 

मुलीला ऋषींच्या ओटीत घालून ती ठेचकाळत नगरीत परतली. वंशनाशाचे भय मनात होते. तरी तिने कुंडालगतच्या कालव्याचा बांध फोडला. पाणी खळाळत आत शिरले. सळसळत्या वाफेतून अग्नी प्रकटला.

"हे धाडस कोणाचे?"

"माझे, देवा! मला जाळा, पण माझ्या लेकरावर शाप नको."

अग्नी म्हणाला, "शाप मी काय देऊ, राणी? तो तुम्ही स्वतःच ओढवून घेतला आहे. मी विझेन, पण एकदा दिलेली धग परत घेण्याची विद्या माझ्यापाशी नाही. हेमंत येईल, पण उशिरा येईल आणि लवकर निघून जाईल."

तसेच झाले. शिखरावर हिम भुरभुरले, तेव्हा आर्जिकेला घाम फुटून तिचा ज्वर उतरला. शेजारच्या कितीक ऋषिकुमारांनी तोवर डोळे मिटले होते. ज्वरासुर कडा उतरून गेला, पण मागे वळून वळून पाहत.

पर्वताची वाट त्याला तेव्हापासून ठाऊक झाली आहे. मनुष्य गरजेपलीकडे अग्नी पेटवू लागला, की हेमंत वेशीवरच अडखळतो आणि ज्वर निवांतपणे चढू लागतो.