घाटातलं गाणं

गाड्या एकमेकींशी बोलत, त्या काळची गोष्ट. गूळ वाहणाऱ्या म्हाताऱ्या ट्रकचं डिझेल इंजिन काढून मेस्त्रीने बॅटरी बसवली. ट्रक धास्तावला. "काळीजच गेलं. आता मी मीच आहे का?"

शेजारची स्पोर्ट्स कार हसली. "आजोबा, माझ्यात दर महिन्याला काहीतरी नवं घालतात. मी कधी विचारते का?"

सकाळी ड्रायव्हर दौलूमामाने नेहमीसारखा स्टिअरिंगला नमस्कार केला. घाट लागला, पण धडधड नव्हती. त्या शांततेत ट्रकला बेसूर गाणं ऐकू आलं, "चढ माझ्या राजा, चढ!"

मामा स्वतःशीच हसला. "तीस वर्षं याच्यासाठी गातोय, माझं मला आज ऐकू आलं!"

"म्हणजे राजा मीच की!" ट्रक म्हणाला, आणि उरलेला घाट त्याने गाण्याच्या तालावर चढला.