आधीचं नाव

"पण मठात येण्याआधी हे कुठं होते, महाराज?"

या एका प्रश्नानं ऋजुताची झोप उडवली होती. आता तो तोंडातून निघाला आणि लगेच वाटलं, गिळला असता तर बरं झालं असतं. गॅस बंद केलाय का हे बघायला जिन्यातून परत येणारी बाई आपण. आपल्या शंकेला कोण विचारतो?

पण सोमवारपासून मठाच्या मागच्या खोलीत मुलांचा पाठांतराचा वर्ग भरणार होता. शिकवणार होते चैतन्यगिरी. एकटे. आणि मुलांत तिची सहा वर्षांची ओवी.

मठाचे वृद्ध गुरू आत्मगिरी महाराज डोळे मिटून बसले होते. उत्तर दिलं ते शेजारी उभ्या शिष्यानं, खुद्द चैतन्यगिरींनी.

"संन्याशाला पूर्वाश्रम विचारत नाहीत, ताई. शिकलेल्या दिसता, एवढं ठाऊक असेल."

"ठाऊक आहे."

"स्वतःचं श्राद्ध स्वतःच्या हातानं घालून ही भगवी छाटी घेतलीय मी. तो माणूस मेला."

"मेलेल्याचासुद्धा दाखला निघतो," ऋजुता म्हणाली. "मी तर जिवंत माणसाचा मागतेय. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा कागद मिळतो. तेवढा आणा."

"पोलिसांकडून? मठात?" चैतन्यगिरी हसले. "मी काय तुमच्या सोसायटीचा वॉचमन आहे?"

"वॉचमन गेटवर असतो. तुम्ही माझ्या मुलीजवळ असणार."

ओवी चटईची काडी उपसत बसली होती. ती थांबली.

"तुमच्या सासूबाई इतकी वर्षं येतात इथं. त्यांनी कधी असलं काही विचारलं नाही. उठा आता."

आता सासूबाईंना घरी जाऊन काय सांगायचं...? ऋजुतानं पर्स उचललीसुद्धा. मग परत खाली ठेवली.

"नाही उठणार." हा आवाज आपलाच आहे, यावर तिचा विश्वास बसेना. "कागद येईपर्यंत माझी मुलगी त्या खोलीत पाऊल टाकणार नाही. आणि बाकीच्या आयांनाही मी हेच सांगणार आहे."



महाराजांनी डोळे उघडले.

"नाव सांग," ते शिष्याला म्हणाले.

"चैतन्यगिरी."

"ते मी दिलेलं. तुझं सांग."

"गुरुदेव, पूर्वाश्रमीचं नाव उच्चारायचं नाही, हा आपलाच नियम..."

"माझाच."



महाराज ऋजुताकडे वळले.

"शंकर बाबूराव ढवण. भिवंडीला यंत्रमागावर होतो. बायकोला, पोराला न सांगता निघून आलो. कागद काढायचाच तर पोरी, आधी माझ्या नावाचा काढ."

 गुरूंचं नाव चैतन्यगिरीही आजच ऐकत होते.

"आणि दोघांचेही कागद येईपर्यंत वर्ग अंगणात," महाराज म्हणाले. "आया समोर बसतील."

ऋजुताला एकदम भरून आलं. एवढा मोठा माणूस, आणि आपण मनात काय काय आणत होतो! भांडायला म्हणून घट्ट बांधून आणलेलं सगळं सैल पडलं. तिनं वाकून नमस्कार केला आणि ओवीला पुढं ढकललं.

"पड गं पाया महाराजांच्या. जा, जवळ जा."

ओवी जागची हलली नाही.

"ओवी! असं करतात का?"

महाराजांनी पाय मांडीखाली ओढून घेतले.

"मला दाखवायला तिला ढकलू नकोस. तिला विचार."

ओवीनं आधी आईकडे पाहिलं, मग महाराजांकडे.

"यांचा कागद आला की पडते," ती म्हणाली.