गुलबक्षी उमलायच्या आत

धुक्याच्या खोऱ्यात इवलीशी सुरंगी आईबरोबर राहायला आली, तेव्हा त्यांच्याजवळ एक गोधडी आणि दोन भांडी, एवढंच होतं. त्या खोऱ्यात ऊन म्हणून पडायचं नाही. आईला खोकला लागला, खोकल्यामागून ताप आला. सुरंगी शेजारच्या गोदाकाकूंकडे शेगडी मागायला गेली.

"तुम्ही परवा आलेली माणसं," गोदाकाकू दारातूनच म्हणाल्या. "नेलेलं परत करता की नाही, आम्हाला काय ठाऊक?"

आता कुणी काही दिलंच नाही, तर परत करून दाखवायचं तरी कसं? सुरंगीला रडू कोसळलं.

रडत रडत ती ओढ्याकाठच्या बागेत शिरली. तिथं पिवळ्याधम्मक शेवंतीवर बोटाएवढी परी बसली होती. पंख मोरपिशी, झग्याला दवाच्या चिमुकल्या टिकल्या!

"परीताई, आईला बरं करायला मला घागरभर ऊन दे ना!"

"बाळ, तुझीमाझी ओळख आजची. आज वाटीभर ने," परी हळूच म्हणाली. "ऊन आईला दे, वाटी मात्र गुलबक्षी उमलायच्या आत परत आण. संध्याकाळी त्याच वाटीत माझे काजवे जेवतात. वेळेवर आलीस, तर तुझ्या दारातल्या जाईवर एक फूल उमलेल. उशीर झाला, तर एक कळी वाळेल. वाळलेली कळी मलासुद्धा फुलवता येत नाही हं!"

मग रोज सोनेरी, कोमट उन्हाची वाटी घरी येऊ लागली. ती उशाशी ठेवली की आईला झोप लागे. सुरंगीला कुठली झोप! ती सारखी कुंपणापाशी जाऊन बघायची. गुलबक्षी उमलली तर नाही ना? ऊन संपलं की ती वाटी घेऊन धूम ठोकायची. दारातली जाई पांढऱ्याशुभ्र फुलांनी भरू लागली.

एके दुपारी आई म्हणाली, "सुरंगे, कुणाची वाटी रिकामी देऊ नये गं. त्यात काहीतरी घालून दे."

घरात तर दाणाही नव्हता! सुरंगी बोरं शोधत रानात हिंडली. कशीबशी दोन बोरं मिळाली आणि बघते तर काय, गुलबक्षी लालचुटूक उमललेली!

"बोरं गोड आहेत," परी म्हणाली, "पण माझे काजवे उपाशी बसलेत."

घरी आली तो जाईची एक कळी वाळली होती. सुरंगीला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवसापासून ती रिकामीच वाटी नेऊ लागली, पण वेळेवर.

आणि एका सकाळी आई तापानं बोलेनाशीच झाली. आता वाटीभर उन्हानं काय होणार? सुरंगीला वाटलं, घागर मागायच्या आधी ती वाळकी कळी तोडूनच टाकावी. हात पुढे गेलाही. पण तिनं तो मागे घेतला आणि बाग गाठली.

"परीताई, घागर देशील? माझी... माझी एक कळी वाळली आहे," ती म्हणाली.

"दिसली मला. तिच्यानंतरची फुलंही दिसली." परीनं सोन्याची घागर पुढे केली. "हिच्यात रात्री चांदण्या न्हातात. जप हं!"

घागरीतलं ऊन घरभर पसरलं. दुपार कलली तरी आई डोळे उघडेना. सुरंगीचा जीव टांगणीला लागला. तिकडे गुलबक्षीच्या कळ्या टपोऱ्या होत चालल्या. शेवटी आईला घाम फुटला, ताप उतरला. पण घागर सुरंगीला उचलेना!

"धर तिकडून," आई उठून बसत म्हणाली. एका बाजूनं आई, एका बाजूनं सुरंगी, दोघी धापा टाकत बागेत पोचल्या. गुलबक्षी अजून मिटलेली होती.

"आता माझ्यावाचून तुझं अडायचं नाही," परी हसली. "तुझी वेल सगळ्यांना दिसते." असं म्हणून ती लखलखत्या उजेडात विरघळून गेली.

घरी येऊन पाहतात तो दारात गोदाकाकू शेगडी घेऊन उभ्या. त्या जाईकडे बघत होत्या.

"काकू, परत कधी आणून देऊ?" सुरंगीनं घाईघाईनं विचारलं.

"तुला गं कशाला सांगायला हवं?" काकू म्हणाल्या, आणि शेगडी त्यांनी स्वतःच आत नेऊन ठेवली.