शेपटीला शेपटी

माणसांनी कायदे लिहायला घेतले, त्याच्याही आधीची गोष्ट. जंगलात एकाची शेपटी तुटली की त्याचे भाऊबंद तोडणाऱ्याचं अख्खं कूळ संपवायचे. शेवटी म्हाताऱ्या कासवाने खडकावर कायदा कोरला: शेपटीला शेपटी, त्याहून जास्त काही नाही. सगळ्यांना हायसं वाटलं.

पुढे झाडातल्या एका ढोलीवरून भांडण झालं आणि पालीने झोपलेल्या खारीची शेपटी तोडली. पंच जमले. कासव म्हणालं, "पालबाई, शेपटी द्या." पालीने कुरकूर न करता शेपटी टाकली. ती खडकावर घटकाभर वळवळली. न्याय झाला म्हणून पंच आपापल्या घरी गेले.

पावसाळा सरेपर्यंत पालीला नवी शेपटी आली. खार मात्र तोल जाऊन फांदीवरून तीनदा पडली. मग ती जमिनीवरच राहू लागली आणि तिची ढोली पालीने घेतली.

खार त्याच झाडाखाली बसलेल्या कासवाकडे गेली. "आजोबा, हा कसला न्याय?"

"कायदा सगळ्यांना सारखाच असतो, पोरी," कासव म्हणालं.

"खरंय, इतका चांगला कायदा मी तरी पाहिला नाही," ढोलीतून पाल म्हणाली आणि कासवाच्या शेपटीकडे बघू लागली.

कासवाने शेपटी कवचात ओढून घेतली.