शेवंता सिस्टरची जीप

सातपुड्यातल्या पाड्यांवरून अडलेल्या बायकांना दवाखान्यात आणायला शेवंता सिस्टरना जुनी, पेट्रोलवरची फोर-व्हील ड्राइव्ह जीप हवी होती. गाड्या विकणाऱ्या दौलतशेठनी चकचकीत लाल जीप पुढे केली.

"बाई, गाडीतलं तुम्हाला काय कळतंय? मी म्हणतो ती डोळे मिटून घ्या."

"खरंय, मला नाही कळत," सिस्टर शांतपणे म्हणाल्या. "म्हणून तुम्हालाच विचारते. तुमची लेक माहेरी आलीय, दिवस भरत आलेत. उद्या घाटात चिखल असताना तिला कळा सुरू झाल्या, तर यातली कुठली जीप काढाल?"

लाल जीपला वळसा घालून शेठ मागे गेले आणि पत्रा चेपलेल्या जुन्या जीपची किल्ली त्यांनी सिस्टरच्या हातावर ठेवली.

"ही न्या," ते हळूच म्हणाले. "आणि पोरीची वेळ आली, की तुम्हीच या."