टिबुकलीचं एकटं पिल्लू

एक होतं मोठ्ठं तळं. तळ्यात पक्ष्यांचं अभयारण्य. तिथं टिबुकलीचं एक पिल्लू होतं. एवढुस्सं! त्याचं घरटं पाण्यावर तरंगायचं.

एकदा पिल्लाने बुडी मारली. टिबुक! वर येऊन बघतं तर काय, घरटं नाही! वाऱ्याने घरटं वाहून नेलं. अंड्यांवर बसलेली आईही घरट्याबरोबर लांब गेली. मध्ये आली हिरवी हिरवी जलपर्णी.

पिल्लू एकटं पडलं. खूप खूप एकटं.

"जलपर्णी, जलपर्णी, हल ना! मला आई दिसेना!"

"मी नाही हलत जा! आधी म्हैस डुंबू दे."

पिल्लू निघालं. टिबुक टिबुक, टिबुक टिबुक.

"म्हैसमावशी, म्हैसमावशी, डुंब ना! जलपर्णी हलेना, मला आई दिसेना!"

"मी नाही डुंबत जा! कानाला गोचिडी चावतात. आधी बगळ्याला त्या टिपू दे."

टिबुक टिबुक, टिबुक टिबुक.

"बगळेदादा, बगळेदादा, टिप ना! म्हैस डुंबेना, जलपर्णी हलेना, मला आई दिसेना!"

"मी नाही टिपत जा! काठावर ती जुई ओरडते. आधी तिला थांबू दे."

टिबुक टिबुक, टिबुक टिबुक.

छोटी जुई तिच्या मावशीबरोबर पक्षी बघायला आली होती. तोंडाची टकळी सुरूच! "चिऊ ये! काऊ ये!" घरी जेवताना मारतात ना, तशा हाका. तळ्यात कुठली चिऊ अन् कुठला काऊ? कुणी ओ देईना.

"जुईताई, जुईताई, थांब ना! बगळा टिपेना, म्हैस डुंबेना, जलपर्णी हलेना, मला आई दिसेना!"

"मी नाही थांबत जा! मला कुणीच दिसत नाही. आधी चिऊ येऊ दे."

आता कुणाला सांगायचं? कुणीच उरलं नव्हतं. पिल्लू आपलं आपल्यालाच म्हणालं,

"जुई थांबेना, बगळा टिपेना, म्हैस डुंबेना, जलपर्णी हलेना, मला आई दिसेना! आणि मी तर चिऊपण नाही!"

त्याला रडू आलं. रडणारं तोंड त्याने पाण्यात लपवलं. टिबुक!

"मावशी, ती बघ चिऊ! बुडाली!"

"चिऊ नाही गं, टिबुकलीचं पिल्लू ते. हळू बोल, घाबरेल."

जुईने ओठांवर बोट ठेवलं. पिल्लू वर आलं. जुईने हळूच हाक मारली, "टिबुकली, ये."

जुई थांबली.
बगळ्याने टिपलं, टिप टिप टिप!
म्हैस डुंबली, धपाक!
जलपर्णी हलली, सळसळ सळसळ.
आणि पलीकडे कोण?
आई!

टिबुक टिबुक, टिबुक टिबुक! पिल्लू आईच्या पाठीवर चढलं. पंखात शिरलं.

"कुठं होतं माझं पिल्लू?"

"तुझ्याकडेच येत होतं की!"

घरटं डुललं, पिल्लू पेंगलं, गोष्टीनेही डोळे मिटले.