वरुणाने सोडलेले नाव

पूर्वी कृतयुगात, समुद्रमंथनाचा फेस अजून किनाऱ्यांवर वाळत होता त्या काळी, पर्णव ऋषींची कन्या अरणी बारा वर्षे हिमालयापलीकडच्या गुरुकुलात विद्या घेऊन दक्षिणेच्या अरण्यातील आपल्या आश्रमाकडे परतली. वाटभर तिच्या मनात एकच चित्र होते: दाराशी कोणी कमंडलू घेऊन उभे असेल आणि म्हणेल, ‘हे विष स्वीकारा.’ कारण त्या काळी विष म्हणजे जल. जे मुळापासून पानापर्यंत, कंठापासून नखापर्यंत व्यापते ते विष, असे गुरूंनी तिला पहिल्याच दिवशी शिकवले होते, आणि तो शब्द उच्चारताना तिचे हात आपोआप जुळत.

प्रत्यक्षात दाराशी कोणीच नव्हते. पिता यज्ञासाठी दूरदेशी गेले होते. पुष्करिणीच्या काठी मात्र कुरंगी नावाची एक निषाद वृद्धा काठी घेऊन बसली होती. अरणीची ओंजळ पाण्याकडे जाताच ती कर्कश ओरडली, “विष! विष!”

“होय माते, विषच!” अरणी आनंदली. “फार तहान लागली आहे.”

“तहान लागली तर ओढ्यावर जा. हे प्यालीस तर तहान कायमचीच जाईल.”

मग कुरंगीने सांगितले ते असे. हलाहल प्राशन करताना महादेवांच्या ओंजळीतून एक थेंब निसटला आणि या पुष्करिणीत पडला. पाणी पूर्वीसारखेच निर्मळ दिसे, पण पिणाऱ्याच्या अंगात ते भिनत जाई आणि त्याचा कंठ निळा पडे. भिनणाऱ्या त्या मृत्यूला निषादांनी भिनणाऱ्या पाण्याचेच नाव दिले. पहिला बळी गेला तो कुरंगीचा नवरा. तेव्हापासून ती काठावरून उठली नव्हती.

ते ऐकून अरणीला दया यायला हवी होती. तिला आला संताप.

“ज्या शब्दाने वरुणाला आळवायचे, तो तू मृत्यूच्या कपाळी चिकटवतेस? यापुढे असे म्हणत जा: हे पांथस्था, प्रस्तुत जलाशयातील जल प्राशनास योग्य नाही.”

“एवढे म्हणेपर्यंत माणूस दोन ओंजळी पिऊन मोकळा होईल, बाई. तुझ्या गुरुकुलात तहानलेले कोणी नव्हतेच वाटते?”

“पुन्हा तो शब्द असा उच्चारलास तर माझ्या तपाची शपथ, तुझी वाचा जाईल!”

ऋषिकन्येच्या शापाच्या धाकाने वृद्धा दिवसभर ते लांबलचक वाक्य पाठ करीत राहिली.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी, यज्ञाहून येताना वाटेत कन्या परतल्याची वार्ता ऐकून पर्णव ऋषी उन्हातून धावत आले. पुष्करिणी त्यांच्या बालपणापासूनच्या ओळखीची. थेंब पडला तेव्हा ते इथे नव्हते. “हे पांथस्था, प्रस्तुत...” कुरंगी घाईघाईने बोलू लागली. ‘जलाशयातील’पर्यंत ती पोहोचली तेव्हा ऋषींची ओंजळ रिकामी झाली होती.

कुरंगीने मुळ्या उगाळून त्यांना ओकवले. श्वास राहिला, पण कंठ निळा होत चालला.

“तू ओरडली का नाहीस?” अरणी आक्रोशली.

“वाचा जाईल म्हणालीस ना? ती गेली असती तर उद्या येणाऱ्याला मी कशी अडवणार होते?”

अरणी ओढ्यात उतरली आणि कमरेइतक्या प्रवाहात उभी राहून वरुणाचा धावा करू लागली. सूर्य कलला तेव्हा जलाधिपती प्रकट झाले.

“कन्ये, देहात शिरलेल्याला बाहेर बोलवायचे तर नावाने हाक मारावी लागते. त्याला मिळालेले नाव तू काढून घेतलेस. ते माझे आहे, मी ते सोडीन. पण मागणारी तू असली पाहिजेस, आणि एकदा दिलेले परत मिळणार नाही. मग कोशात त्या शब्दापुढे ‘जल’ हा अर्थ धूळ खात पडेल. साप, विंचू, कडू कंद, आणि मत्सराने बोललेले वाक्यसुद्धा, सारी त्याच नावाने ओळखली जातील. तो शब्द ऐकताच उचललेला हात थांबेल. मात्र यापुढे त्या शब्दाने कोणीही मला आळवणार नाही. सूर्योदयापर्यंत विचार कर.”

त्या रात्री अरणीने पित्याचे मस्तक मांडीवर घेतले आणि त्या शब्दाने वरुणाला आळवणारी, बारा वर्षे घोकलेली सूक्ते शेवटची म्हटली.

पहाटे तिने ओढ्यातले पाणी ओंजळीत घेतले. “आप, उदक, नीर, जीवन... देवा, तुला नावे पुष्कळ आहेत. हे एक मी त्या मृत्यूसाठी मागते.” ओंजळ सोडून ती पुष्करिणीकाठी आली आणि कुरंगीच्या शेजारी बसली.

पलीकडच्या काठावर एक गवळी पाण्याशी वाकला होता. अरणीने हात जोडले नाहीत. सारा प्राण कंठात आणून ती ओरडली, “विष!”

गवळी जागीच थबकला. आणि मागे कुटीत, पर्णवांच्या कंठातला निळा रंग हळूहळू उतरू लागला.